खुलासा: प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करू नका

ठाणे-ऐरोलीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आंतरिक आरोग्याची प्रार्थना झाली की डिप्रेशनच्या गोळ्या सोडा, चालू ठेवणं म्हणजे अविश्वास.’ हे चूक आहे, आणि धोक्याचंही. या गोळ्या एकदम सोडल्या तर अनेकांना चक्कर येते, झोप उडते, जिवाची घालमेल होते. आजार उलटूही शकतो.

या प्रार्थनेत माणूस बापाचा मार, नकार, अकाली गेलेलं माणूस अशी जुनी दुखणी देवापुढे उघडी करतो, रडतो, क्षमा करायला शिकतो. मी स्वतः ते अनुभवलंय, त्याचं मोल जाणतो. (क्षमा केली म्हणून मारणाऱ्याच्या घरी परत जायलाच हवं, असं मात्र कुणी सांगू नये.) पण घायाळ आत्मा सोसवत नाही असं सांगणारं बायबलमधलं नीतिसूत्रे १८:१४ औषध टाकायला सांगत नाही. बायबलमधल्याच कलस्सैकरांस पत्रात पौलाचा सोबती लूक याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. येशूच्या दाखल्यातल्या दयाळू शोमरोन्याने तर वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या.

गोळी कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतून.