आडवा पास

रेआल माद्रिदचा जुना मिडफिल्डर मॉड्रिच चाळिशीतही मिलानकडून खेळतोय, एवढंच वाक्य वकिलाने टाकलं होतं. पण आमच्या कट्ट्यावर कुठलंही वाक्य पाचेक मिनिटांत टोनी क्रूसवर, म्हणजे माद्रिदच्या मधल्या फळीतला मॉड्रिचचा जर्मन जोडीदार, त्याच्यावर जाऊन आदळतं, तसं ते आदळलं.

"बघा, तो खेळतोय आणि तुमचा साहेब चौतिसाव्या वर्षी घरी बसला," गोल्या म्हणाला. गोल्याला गोल्या का म्हणतात हे सांगायची गरज नाही. त्याला फक्त गोल मोजता येतात. शून्य-शून्य सुटलेली मॅच रद्द धरावी, असं त्याचं मनापासून मत आहे.

"घरी बसवलं नव्हतं, तो आपणहून बसला," मीनूने लगेच उचललं. "मे २०२४ मध्ये जाहीर केलं, १ जूनला वेम्बलीत माद्रिदसाठी सहावी चॅम्पियन्स लीग उचलली, मग जर्मनीकडून युरो खेळला आणि थांबला."

"वेम्बलीत गोल केला का त्याने?"

"कॉर्नर त्याचा होता. कार्वाहालचं डोकं."

"म्हणजे गोल कार्वाहालचा."

"हो रे बाबा, कार्वाहालचा. संघातल्या बुटक्यांपैकी एक माणूस डॉर्टमुंडच्या ताडमाड गड्यांच्या आधी पहिल्या पोस्टपाशी पोचतो आणि चेंडू नेमका त्याच्या कपाळावर येतो. योगायोगच!"

वकिलाला दोन्ही बाजूंनी भांडायची खोड आहे. तो म्हणाला, "पण हे गोल्याचंच एकट्याचं म्हणणं नाही. जर्मनीतही त्याला आडव्या पासचा टोनी म्हणून चिडवायचेच. २०२१ च्या युरोनंतर बायर्न म्युनिकच्या उली हेनेसनेच सांगितलं होतं की आजच्या फुटबॉलमध्ये याचं काही काम उरलेलं नाही."

"आणि पुढच्याच वर्षी काम नसलेल्या माणसाने पॅरिसमध्ये लिव्हरपूलविरुद्ध पाचवी चॅम्पियन्स लीग उचलली," मीनू म्हणाली. "वर टीव्हीवाल्याने रडके प्रश्न विचारले म्हणून मुलाखत अर्धवट सोडून निघूनही गेला."

"माज," गोल्या.

"मिडफिल्ड म्हणजे संघाचं..." मास्तरांनी घसा साफ केला.

"मास्तर, हृदय म्हणू नका, पाया पडतो," वकील म्हणाला. मास्तर गप्प झाले. ते हृदयच म्हणणार होते.

मग मीनूने कट्ट्यावरच खडे मांडले. माद्रिदचे दोन सेंटर बॅक, पुढे राखण करणारा कासेमिरो, उजवीकडे मॉड्रिच. "आता बघ. क्रूस कुठे उभा राहायचा? मधोमध नाही. डाव्या सेंटर बॅकच्याही डावीकडे, लेफ्ट बॅकच्या रिकाम्या जागेत. लेफ्ट बॅक मार्सेलोला त्याने वर पिटाळलेलं असायचं. आता समोरच्या संघाच्या उजव्या विंगरने काय करायचं? क्रूसवर धावून गेला तर मार्सेलो मोकळा. मार्सेलोपाशी थांबला तर क्रूसला मान वर करून सगळं मैदान बघायला वेळ. स्ट्रायकरने यावं म्हटलं, तर एवढं बाजूला तो येईपर्यंत चेंडू गेलेला असतो."

"कुठे गेलेला? आडवा!"

"हो, आडवाच. अरे, आडव्या पासने चेंडू हलत नाही, समोरचे दहा जण हलतात. चौघांच्या दोन ओळी करून बसलेला संघ चेंडू जातो तिकडे सरकतो. पास ढिला गेला तर सगळे आरामात सरकतात, फट पडत नाही. तोच पास कडक गेला तर दोघं वेळेवर पोचतात आणि तिसरा मागे राहतो. ती फट. असं चार वेळा इकडे, तीन वेळा तिकडे करायचं आणि पलीकडचा गडी आत ओढला गेला की चाळीस मीटरचा तिरका, त्याच्या डोक्यावरून. २०२४ च्या युरोच्या पहिल्या मॅचमध्ये स्कॉटलंडविरुद्ध दहाव्या मिनिटाला हेच केलं. उजव्या कडेला किमिखला चेंडू, त्याच्याकडून मागे विर्ट्झला, गोल."

"तिथे १०२ पैकी १०१ पास बरोबर गेले होते," वकिलाने माहिती पुरवली.

"तो एक कुठे गेला?" गोल्याने विचारलं. खरंच विचारलं. हसू आवरेपर्यंत मीनूचा खड्यांचा कासेमिरो कुणीतरी गटारात लाथाडला होता.

"आणि पास नुसता माणसाकडे नसतो, पायाकडे असतो," खडा बदलून मीनू पुढे निघाली. "घेणाऱ्याच्या पाठीशी कुणी नसेल तर पुढच्या पायावर, म्हणजे तो घेता घेताच वळतो. पाठीशी गडी असेल तर त्या गड्यापासून लांबच्या पायावर, म्हणजे न बोलता सांगितलं की वळू नको, परत दे. आता म्युनिकची सेमीफायनल आठव, एप्रिल २०२४. माद्रिदचा व्हिनिसियस चेंडू मागायला खाली आला, त्याच्यामागे बायर्नचा बचावपटू किम मिन-जे ओढला गेला. क्रूस चेंडूवर उभा आणि हाताने दाखवतोय, तिकडे पळ. अख्ख्या मैदानाला दिसलं, फक्त किमला नाही. त्याने सोडलेल्या भोकातून पास, गोल. हा पण आडवा होता का?"

"एखादा उभा दिला असेल."

इथे वकिलाने बाजू बदलली, आणि त्याचा मुद्दा बरोबर होता हे मान्य करायला हवं. "पण त्या जागेची किंमतही सांग ना. तिथे चेंडू हातचा गेला की मागे कोण? लेफ्ट बॅक वर. कासेमिरो होता तोवर तो झाडू मारायचा. २०१८ च्या विश्वचषकात मेक्सिकोने बरोबर तेच धरलं. आपल्या व्हेलाला क्रूसवर चिकटवलं, जर्मनीचा खेदिरा पुढे पळालेला, मधे कुणीच नाही. चेंडू हिसकावला की सरळ काउंटर. लोझानोचा गोल तसाच आला. क्रूस धावून पकडणार कुणाला? वेग त्याच्याकडे कधी नव्हताच."

"नव्हताच," मीनूने मान्य केलं. "म्हणून तर चेंडू येण्याआधीच त्याला सगळं बघून ठेवावं लागायचं. आणि पुढचीच मॅच बघ, स्वीडन. चुकीचा पास त्याचाच, त्यावरून गोल खाल्ला. बोआटेंगला लाल कार्ड. पंचाण्णवावं मिनिट, पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यावर फ्री किक. सरळ मारली तर कोन अरुंद. म्हणून त्याने रॉइसला हलकेच दिली, रॉइसने पायाखाली थांबवली, तेवढ्याने कोन उघडला आणि लांबच्या पोस्टच्या आत वळवून घातली."

"हां, तो गोल!" गोल्याचा चेहरा उजळला.

"आणि तरी साखळीतच गारद," वकिलाने पाणी ओतलं. "कोरियाकडून हरून. शेवटही तसाच. २०२४ च्या युरोत स्पेनविरुद्ध सुरुवातीलाच त्यांच्या पेद्रीला असा धडकला की तो आठव्या मिनिटाला बाहेर. बदली आला ओल्मो. ओल्मोने एक गोल केला, ११९ व्या मिनिटाला मेरिनोच्या गोलचा पासही दिला. कारकिर्दीच्या शेवटच्या मॅचमध्ये साहेबांनी आपला काळ आपणच मैदानात बोलावला."

यावर मीनूकडे उत्तर नव्हतं. तिने बुटांचा विषय काढला. कंपनीने बंद केलेलं जुनं पांढरं मॉडेल क्रूससाठी वेगळं बनत राहिलं, ते तो स्वतः पुसायचा वगैरे. उत्तर नसलं की ती बुटांवर येते, हे कट्ट्याला ठाऊक आहे.

"पण तो गेल्यावर माद्रिदचं काय झालं ते बोला," मास्तर अचानक म्हणाले. "एम्बापे आला, व्हिनिसियस होताच, बेलिंगहॅम होताच. ऑक्टोबरात घरच्या मैदानावर बार्सिलोनाकडून चार-शून्य, एप्रिलमध्ये आर्सेनलकडून दोन्ही मॅच हरले. जेवायला सगळे, वाढायला कोणी नाही."

दिवसातलं सगळ्यात बरं वाक्य मास्तरांनी बोलावं, हे मीनूला मुळीच आवडलं नाही.

"ते जाऊ दे," ती गोल्याकडे वळली. "तुला गोलच मोजायचेत ना? २०१४ चा विश्वचषक, ब्राझीलविरुद्ध सेमीफायनल. चोविसाव्या मिनिटाला एक, सव्विसाव्याला दुसरा, तोही फर्नांडिन्योच्या पायातून चेंडू काढून. दोन झाले की नाही? आणि त्या रात्री ब्राझीलवर पैज कुणी लावली होती?"

गोल्या आकाशाकडे बघू लागला.

"सात-एक," वकील म्हणाला. "पार्टी अजून बाकी आहे."

"नेमार नव्हता! सिल्व्हा नव्हता! ती पैज धरतच नाहीत," गोल्या उसळला. "आणि पैसे वकिलाकडे ठेवले होते, त्याला विचारा."

"माझ्याकडे नाही, मास्तरांकडे दिले होते."

मास्तरांनी शांतपणे मीनूकडे बोट दाखवलं.

"एकशे दोनपैकी एकशे दोन," ती म्हणाली, आणि मग कुणालाच काही बोलता येईना.