कोंडून ठेवल्याने मेंदू ‘साफ’ होत नाही

सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरलेला फॉरवर्ड शेवटी आमच्या मावशीकडेही पोचला. त्यात म्हटलंय: ‘गोळ्या-सिरपच्या नशेने मेंदूची वायरिंग कायमची जळते, स्कॅनमध्ये सिद्ध. एमआरआय काढा, पोरगं व्यसनी आहे का कळेल. डॉक्टरची गोळी म्हणजे दुसरी नशाच. 21 दिवस खोलीत कोंडा, मेंदू साफ.’ कायमची जळलेली वायरिंग 21 दिवसांत साफ कशी होते, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक! पण मावशी मावसभावाची, व्यसन सुटावं म्हणून डॉक्टरांनी दिलेली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी बंद करायला निघालीय.

वायरिंगचं म्हणणं अगदीच थाप नाही, तेवढं मान्य करावं लागतं. 2010 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या आहारी गेलेले 10 जण आणि तितकेच निरोगी. अमिग्डाला, इन्सुला यांसारख्या भावना-तलफेशी जोडलेल्या भागांचा बाकी मेंदूशी ताळमेळ पहिल्या गटात कमी दिसला. पण असा एकदाच काढलेला स्कॅन ‘कायमचं’ कसं ठरवणार? फरक आधीपासूनच होता की नंतर पडला, हेही त्यातून कळत नाही. शिवाय ही गटाची सरासरी; एकट्या पोराचं निदान एमआरआयवर होत नाही. पैसे वाचवा.

आता ते कोंडणं. यात माणूस मरतो. अफूच्या जातीची नशा थांबली की शरीराची सवय झपाट्याने उतरते. बाहेर पडून त्याने जुन्याच मापाने घेतली तर श्वास बंद पडू शकतो. 2017 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांचे अभ्यास एकत्र तपासले गेले. भावाचीच ही गोळी, ब्युप्रेनॉर्फिन, चालू असताना दर हजारी वर्षाला साधारण 4 मृत्यू, उपचार सुटल्यावर 9 ते 10. दुपटीहून जास्त!

आणि ‘दुसरी नशा’? ही गोळी मेंदूतल्या त्याच जागा धरून बसते, पण काम अर्धवटच करते. नेमाने घेणाऱ्याची तगमग थांबते, झिंग चढत नाही. भाऊ सकाळी ती जिभेखाली धरून बसतो. विरघळेपर्यंत बोलता येत नाही, मावशीने चहाचं विचारलं की नुसती मान हलवतो. मग डबा घेऊन कारखान्यावर. नशेतला माणूस दिवसभर माग सांभाळतो का?



मावशी, गोळी कमी करायची की नाही ते त्याचे डॉक्टर ठरवतील, ग्रुप नाही. चौकशी करायची तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. आणि कुणाचंही पोरगं हाक मारून उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर आधी 108 लाव.