तपासणी रात्री दोन वाजता करा

साकीनाक्याच्या खैरानी रोडवरचं फरसाणचं दुकान, १८ डिसेंबर २०१७. आगीत १२ कामगार गेले. पुण्याजवळ उरुळी देवाची इथलं साड्यांचं गोदाम, ९ मे २०१९. ५ गेले. वाळूज एमआयडीसीतला हातमोज्यांचा कारखाना, ३१ डिसेंबर २०२३. ६ गेले. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, १८ मे २०२५. तिथे ८, त्यात खुद्द मालक आणि त्यांच्या घरचेही होते.

या चारही आगी उजाडायच्या आत लागल्या आणि चारही ठिकाणी माणसं मालाच्या सोबतीने झोपलेली होती. उरुळीत तर शटरला बाहेरून कुलूप होतं.

आता सांगा, आपल्याकडे आगीची तपासणी कधी होते? दिवसा, कचेरीच्या वेळेत. तेव्हा शटर पूर्ण वर असतं, दिवे लागलेले असतात, सगळे जागे असतात आणि मालक स्वतः चहा सांगतो. त्या वेळी कुठलंही गोदाम सुरक्षितच दिसणार.

कायदा आपल्याकडे आहे आणि वाईट नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. पण त्यात बघितलं जातं ते काय? पंप चालू होतो का, होज रील म्हणजे पाण्याची गुंडाळलेली नळी आहे का, लाल बाटल्या भरलेल्या आहेत का. हे हवंच. पण ही सगळी आग विझवायची साधनं आहेत आणि ती वापरायला कुणीतरी जागं असावं लागतं. रात्री आत किती जण झोपतात, कुठे झोपतात, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे विचारताना मी कुणालाच पाहिलेलं नाही.

माणसं तिथे का झोपतात हे कुणालाही कळेल. गावाहून आलेल्या पोराला शहरात खोलीचं भाडं परवडत नाही. मालकाला फुकटात राखणदार मिळतो. दोघांची सोय होते आणि पोटमाळ्यावर अंथरूण पडतं. आगीच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. धूर आधी वर चढतो. साडी, फोम, प्लॅस्टिक, पुठ्ठा पेटला की निघणारा धूर माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करतो आणि गाढ झोपेतल्या माणसाला वासाने जाग येईलच असं नाही. खाली उतरायचा एकच लाकडी जिना, तोही मालाच्या गठ्ठ्यांमधून. ज्वाळा पोचायच्या आधीच सगळं संपलेलं असतं.

बांधकामाच्या साइटवरही तेच, फक्त माल वेगळा. मी साइटवर काम केलं आहे म्हणून सांगतो. पत्र्याच्या एकाच शेडमध्ये स्लॅबच्या साच्याला लागणाऱ्या शटरिंगच्या प्लाय, थर्माकोल, थिनरचे डबे, पेंट आणि पार्टिशनच्या पलीकडे चार खाटा. तात्पुरत्या बोर्डावरून ओढलेली, मध्येच जोड मारून टेप गुंडाळलेली केबल. त्याच केबलवर कॉइलची शेगडी आणि रात्रभर चार्जिंगला लावलेले मोबाइल. दिवसा याच शेडला टेकून कटिंग चालतं.

वेल्डिंग-कटिंगबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण रात्रीची आग पुष्कळदा दिवसाच पेरलेली असते. नियम साधे आहेत. काम सुरू करायच्या आधी आसपास दहा-अकरा मीटरपर्यंतचा जळाऊ माल हलवायचा, हलवता येत नसेल तर त्यावर न पेटणारं आच्छादन घालायचं, स्लॅबमधली भोकं बुजवायची, कारण ठिणगी खालच्या मजल्यावर पडते आणि वर कुणाला पत्ता लागत नाही. एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा करायचा आणि काम संपल्यावरही त्याने किमान अर्धा तास, शक्यतो तासभर तिथून हलायचं नाही. हा शेवटचा तास कुणीच पाळत नाही. सहा वाजले की टेम्पो येतो, वेल्डर सामान आवरतो, मुकादम हजेरी मांडतो. गोणपाटात, भुशात किंवा इन्सुलेशनच्या थरात शिरलेली ठिणगी मात्र तासन्‌तास धुमसू शकते. पुण्याजवळ मांजरी इथे सीरम या लस बनवणाऱ्या कंपनीच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग लागून २१ जानेवारी २०२१ ला ५ कामगार गेले, तेव्हाही सुरुवातीचा संशय वेल्डिंगवर आणि तिथल्या ज्वालाग्राही इन्सुलेशनवरच होता. त्या एका माणसाच्या एका तासाची मजुरी किती होते, याचा हिशेब ठेकेदारांनी खरंच करून बघावा.

कशाच्या शेजारी काय ठेवलं जातं, याची किंमत मुंबईने फार पूर्वी मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकाइन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र भरलेली होती. कापूस आतल्या आत धुमसत राहिला आणि दुपारी चारच्या सुमाराला जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतो. त्या सप्ताहात शाळांमध्ये प्रात्यक्षिकं होतात, चांगलंच आहे. पण त्याच सात रात्री दलाने आणि महापालिकेने मिळून भिवंडी, साकीनाका, वाळूजच्या गल्ल्यांतून फेरी मारावी असं मला मनापासून वाटतं.

'कुलूप लावलं नाही तर चोरी होते' हे मालकांचं म्हणणं मला मान्य आहे. चोऱ्या होतात. मग शटरमध्ये आतून कडी उघडणारा छोटा दरवाजा बसवा, बाहेर कॅमेरा लावा. माणूस आत असताना बाहेरून कुलूप लावणं हा गुन्हा म्हणूनच हाताळला पाहिजे, आग लागल्यावर नाही, आग लागायच्या आधी. आणि झोपायची सोय गोदामाबाहेर करणं शक्यच नसेल, तर निदान पोटमाळा बंद करा, अंथरुणं दाराजवळ आणा, रात्री मेन स्विच बंद करा आणि धूर ओळखणारा बॅटरीवरचा अलार्म लावा. तो काही शेकड्यांत मिळतो.

अग्निशमन दलात माणसं कमी आहेत, रात्रीच्या फेऱ्या कोण करणार, असं मला सांगितलं जाईल. सगळी गोदामं एका रात्रीत बघा असं मी म्हणतच नाही. प्रत्येक प्रभागात महिन्याला दहा ठिकाणं, न सांगता, रात्री दोन वाजता. बातमी आपोआप पसरेल. आणि येत्या जानेवारीपासून फॉर्म बीमध्ये एक रकाना वाढवा: रात्री या जागेत किती माणसं झोपतात आणि त्यांच्या बाहेर पडायच्या दोन वाटा कोणत्या. खाली मालकाची सही, एजन्सीची सही आणि तिथे झोपणाऱ्यांपैकी एकाची सही.