डेन्मार्कच्या लोण्यामागे नुसतं नशीब नव्हतं

"डेन्मार्क चिमुकला देश, इंग्लंडसारखं गिऱ्हाईक दारात, वर वसाहतींचा पैसा. त्यांच्या सहकारी डेअऱ्यांचं कौतुक आम्हाला कशाला?" असं तुम्ही लिहिलंत. आपल्याकडच्या सहकाराचं राजकारणाने काय झालं, हेही विचारलंत.

वसाहतींचं आधी. तरंगमबाडी आणि सेरामपूर डेन्मार्कने 1845 मध्येच इंग्रजांना विकून टाकलं. कॅरिबियन बेटांवर गुलामांना राबवून मिळवलेला साखरेचा पैसा कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनी खाल्ला, हे खरंच आहे आणि लाजिरवाणंही. पण लोण्याची निर्यात उभी राहिली ती त्यानंतर, डॅनिश शेतकऱ्यांच्या गोठ्यातून. देश चिमुकला म्हणाल, तर 1864 च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन गमावून तो आणखी चिमुकला झाला होता.

पुढे अमेरिका आणि रशियाचा स्वस्त गहू युरोपात ओतला जाऊ लागला. जर्मनीने 1879 मध्ये धान्यावर जकात बसवली. डेन्मार्क स्वतः धान्य निर्यात करायचा, तरी त्याने दारं उघडीच ठेवली. परदेशी स्वस्त धान्य गाई-डुकरांना घाला आणि लोणी-बेकन विका, असा उलटा हिशेब मांडला. मला यात सगळ्यात धाडसी वाटते ती हीच गोष्ट.

पण दोन-चार गाईंवाल्याचं लोणी विलायतेत कोण घेणार? चांगला भाव जमीनदारांच्या लोण्याला मिळे. 1878 च्या सुमारास साय वेगळी काढणारं यंत्र आलं, पण त्याला दूध भरपूर लागायचं. म्हणून 1882 मध्ये पश्चिम डेन्मार्कमधल्या येडिंग गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली. कर्जाला सगळ्यांची सामाईक हमी, घरखर्चापुरतं ठेवून बाकी सगळं दूध डेअरीलाच घालायचं बंधन, आणि गाई कितीही असोत, मत एकच. पुढे फॅटवर दर आला, तेव्हा दुधात पाणी घालण्यात अर्थच उरला नाही. साय काढलेलं दूध परत घरी जायचं आणि डुकरांना मिळायचं. 1887 मध्ये होर्सेन्सला सहकारी बेकन कारखानाही निघाला. 1900 पर्यंत अशा डेअऱ्या हजाराच्या वर गेल्या होत्या.

आता तुमचा वजनदार मुद्दा, इंग्लंडचा. गिऱ्हाईक मिळणं हे नशीबच, मान्य. मग आयर्लंडचं काय? ते तर इंग्लंडला जास्त जवळ, शिवाय त्याच राज्यात. कॉर्कच्या लोण्याचा एके काळी दबदबा होता. तरी इंग्रजांच्या पावावर डॅनिश लोणी चढलं. आयरिश लोणी उन्हाळ्यात मुबलक, हिवाळ्यात टंचाई, आणि चव पिंपागणिक वेगळी. डॅनिश शेतकऱ्याने वेत हिवाळ्याकडे सरकवले, गोठ्यात बांधून चारा-पेंड घातली आणि बारा महिने एकाच चवीचा माल दिला. 1906 पासून तर निर्यातीच्या लोण्यावर सरकारमान्य 'लूर' शिक्का सक्तीचा झाला. ज्याचं लोणी तपासणीत कमी पडेल, त्याचा शिक्का जायचा. आयर्लंडमध्ये होरेस प्लंकेट यांनी सहकारी डेअऱ्यांची चळवळ सुरू केली ती 1889 मध्ये, म्हणजे येडिंगनंतर सात वर्षांनी.

सगळं गोडगोड मात्र नव्हतं. भूमिहीन मजूर या डेअऱ्यांच्या बाहेरच राहिले. त्याच काळात लाखाहून जास्त माणसं अमेरिकेला गेली. डेन्मार्कचं कौतुक करणारे लेख हे सहसा गाळतात.

आणि आपला सहकार. एक सभासद एक मत आपल्या कायद्यातही आहे, आणि प्रवरानगरचा कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला तोही शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. फरक गिऱ्हाइकाचा होता, असं माझं मत. आपली साखर मुख्यतः देशातच खपायची आणि बराच काळ भाव व कोटा सरकारच्या हातात, त्यामुळे कारखान्याच्या अध्यक्षाला मुंबई-दिल्लीत वजन असणं भागच होतं. डेन्मार्कमध्ये राजकारण झालं नाही असं समजू नका. शेतकऱ्यांचा व्हेन्स्त्रे पक्ष 1901 मध्ये सत्तेवर आला. पण लंडनचा व्यापारी कुठल्याच पक्षाचा नव्हता, आणि खवट लोणी त्याने कुणाच्याही शिफारशीवर घेतलं नसतं.