परत तीच रड, उबवणीची अंडी आणि गायब सेलर

पिल्लं काढायला कोंबडीची बारा अंडी मागवली, सेलर छातीठोक सांगत होता की परवाचीच आहेत, एकदम फ्रेश, आणि पार्सल उघडलं तर कागदाचे दोन बोळे, तळाला चिकटलेला बलक आणि तीन अंडी फुटलेली. अरे, प्रत्येक अंड्याला बबल रॅप गुंडाळायला किती वेळ लागतो?

उरलेली नऊ निमुळतं टोक खाली करून अख्खा दिवस शांत ठेवली, कारण हादऱ्यांनी आतली हवेची पिशवी सुटते आणि तशीच उबवणी मशीनमध्ये टाकली तर उरलीसुरली आशाही जाते. मग ३७.५ डिग्री सांभाळा, आर्द्रता बघा, दिवसातून तीनदा अंडी फिरवा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावला तर सहा कोरी, रक्ताची एक रेघ नाही! एक फोडून बघितलं, बलकावर नुसता बारीक पांढरा ठिपका, भोवती रिंगण नाही, म्हणजे फळलेलंच नव्हतं. हे काही कुरियरच्या माथी मारता येत नाही.

सेलरला फोटो पाठवले तर म्हणे तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल, नंतर थेट ब्लॉक. दर वेळी हेच. अंडी आठ-दहा दिवसांवर गेली की पिल्लं निघायचं प्रमाण घसरतंच, मग पेन्सिलने अंड्यावर तारीख लिहून पाठवा की, एवढं काय जड आहे त्यात?

आता तीनच राहिलीत. उद्या अठरावा दिवस, फिरवणं बंद करायचं.