त्या तीन घावनांबद्दल

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की तुमच्या घरी आमच्या बिडाच्या भांड्यांचा डेमो साडेचारचा ठरला होता तो सव्वापाचला सुरू झाला, पहिले तीन घावन चिकटले, चौदा बायकांसमोर तुमचं हसं झालं आणि 'बिडाचा तवा म्हणजे नुसता बोलबाला'. उशिराबद्दल मनापासून माफी मागते. मी आणि माझी जाऊ भांडी, पीठ, चटण्या सगळं हातानं आणतो, त्यात तुमची लिफ्ट बंद होती. तरी उशीर तो उशीरच.

पण घावनांचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. डेमोचा तवा मी आदल्या रात्री तेल लावून, मंद आचेवर तापवून तयार करून आणते. त्या दिवशीही आणला होता. तो ओट्यावर ठेवून मी अप्पेपात्र आणायला खाली गेले. वर आले तर तवा सिंकमध्ये! तुम्ही 'बाहेरून आलाय, धुवून घेते' म्हणून हिरव्या घासणीनं आणि लिक्विड साबणानं खसखसून घासत होतात. चांगल्या मनानंच, मला ठाऊक आहे. पण ते काळं पाणी म्हणजे मळ नव्हता हो, तवा ज्याच्यामुळे सोडतो तो तेलाचा थरच होता.

मग पुन्हा कोरडा करायचा, अर्ध्या कांद्यानं तेल फिरवायचं, धूर येईपर्यंत तापवायचा, असं दोन-तीनदा करावं लागतं. मी थांबा म्हणत होते, पण 'बायका खोळंबल्यात, करा सुरू'. एरवी मी थालीपीठ आधी लावते, त्याच्या तेलानं तवा तयार होतो. तुम्हाला घावनच आधी हवे होते. तिथे मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, ती चूक माझी.

चौथा घावन अलगद सुटला, जाळीही सुरेख पडली. तो तुम्हीच नारळाच्या रसाबरोबर खाल्लात आणि आणखी एक मागून घेतलात. रिव्ह्यूमध्ये त्या चौथ्याचा उल्लेखच नाही, ते जिव्हारी लागलं.

भेटवस्तूचं म्हणाल तर पाच हजारांच्या ऑर्डरवर अप्पेपात्र, असं फोनवर बोलणं झालं होतं. ऑर्डर दोनच आल्या. त्यावर वाद नको.

तुमचा रिव्ह्यू वाचून दोन भिशीवाल्यांनी डेमो रद्द केले. आमचं घर या डेमोंवरच चालतं, म्हणून एवढं लांबण लावलं. यापुढे वेळेचं बघू, आणि तवा धुवू नये हे आधीच सांगत जाऊ.

तुम्ही घेतलेला लहान तवा चिकटत असेल तर पाठवून द्या, मी पुन्हा तयार करून देईन, पैसे नकोत. तोवर कृपा करून त्याला घासणी लावू नका.