पाकिटाची भीती

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नको, हा वाद महाराष्ट्रात निघाला की माझ्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एकांच्या मते पोरं बिघडतील. दुसरे म्हणतात, अमेरिकेत बघा, कसं सगळं मोकळं! २००७ मध्ये राज्यानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हाही हेच चाललं होतं. मी अमेरिकेत राहतो, घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे. मोकळेपणाच्या या कौतुकाला माझा थोडा खोडा.

एचआयव्हीच्या चाचणीचंच घ्या. नियम मोकळे आहेत, यात वाद नाही. १३ ते ६४ वयाच्या सगळ्यांची एचआयव्ही चाचणी नेहमीच्या तपासणीतच व्हावी, असं सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था २००६ पासून सांगते. बहुतेक राज्यांत अल्पवयीन मुलं ती स्वतःच्या संमतीनं करून घेऊ शकतात. मुलाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला "जरा बाहेर बसता का?" म्हटलं, तेव्हा मी चांगलाच चरफडलो होतो. एवढं असूनही सीडीसीच्याच २०२१ च्या पाहणीत, हायस्कुलातल्या शंभरातल्या दहा मुलांनीही कधी ही चाचणी केलेली नव्हती.

गाडीत मागच्या सीटवरची पोरांची बडबड ऐकली की कारण कळतं. या वयात धोका मोजतात तो ओळखीवर. वर्गातला आहे, अभ्यासात हुशार आहे, म्हणजे 'तसा' नाही. एचआयव्ही दुसऱ्या कुणाला तरी होतो. घरच्यांना कळण्याची भीती मात्र अगदी नेमकी असते. विमा आईबापांच्या नावावर, आणि कुठल्या तारखेला कुठली सेवा घेतली याचं विमा कंपनीचं पाकीट त्यांच्याच पत्त्यावर येतं. विषाणू दिसत नाही, पाकीट दिसतं.

आपल्याकडे भारतात घरच्यांना कळवणारं हे पाकीट नियमातच आहे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गोपनीयताही दिली. पण अठराच्या आतल्यांना पालकांची संमती लागते. शिवाय पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली अठराच्या आतला कुठलाही शरीरसंबंध गुन्हा, आणि तो कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक. सतरा वर्षांच्या मुलीनं समुपदेशकाला खरं सांगितलं, तर तिचा मित्र कोठडीत जाऊ शकतो. मग ती सांगेल कशाला? संसर्ग टाळायची औषधं संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तेवढा वेळ तर आईजवळ विषय काढायचं धाडस गोळा करण्यातच जातो. दुसऱ्याच दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होणारेही असतात. संसर्ग चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यामुळे धडा पुस्तकात असावा की नसावा, यावर माझा जीव फारसा अडत नाही. असावाच. पण धडा वाचून पोर केंद्रापर्यंत गेलं आणि तिथून "पालकांना घेऊन ये" म्हणून परत पाठवलं, तर शिकून उपयोग काय? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या बाबतीत वाट काढली: अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव देण्याची गरज नाही. एचआयव्ही चाचणीला याच्या एक पाऊल पुढे जायला हवं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची स्वतःची संमती पुरेशी मानावी आणि समुपदेशकावरची कळवण्याची सक्ती, जबरदस्ती वा शोषणाचा संशय असेल तेवढ्यापुरतीच ठेवावी.